एचडीपीई क्यूबची तरंगती जेट्टी: क्यूब चांगले, बाकीचं तपासून घ्या

धरणाच्या बॅकवॉटरला नवं रिसॉर्ट झालं की बोटिंगसाठी पहिल्यांदा येतात ते एचडीपीई या टणक प्लॅस्टिकचे निळे-केशरी पोकळ ठोकळे, म्हणजेच क्यूब. एकमेकांत अडकवून पाण्यावर पसरले की दोन दिवसांत धक्का तयार. खाडीकाठच्या होमस्टेपासून कयाक क्लबपर्यंत सगळीकडे आता हाच माल दिसतो. निकाल आधीच सांगून टाकायचा तर: शांत पाणी, माणसांची ये-जा आणि लहान बोटी एवढंच काम असेल तर या पैशात याहून सोयीची वस्तू नाही. लाटा फुटतात त्या किनाऱ्यावर मात्र फुकट मिळाली तरी टाकू नये. आणि जेट्टी बिघडते तेव्हा त्यात क्यूबचा दोष क्वचितच असतो. घोटाळा होतो पिनांत, नांगराच्या साखळीत आणि काठावरून उतरणाऱ्या पुलात. नेमक्या याच तीन गोष्टी कोटेशनमध्ये एका ओळीत उरकलेल्या असतात.

बाजारात सर्वात जास्त चालणारा क्यूब ५०० × ५०० × ४०० मिमीचा. ब्लो मोल्डिंगने केलेला, आत पोकळ, वजन साडेसहा ते सात किलो. एका चौरस मीटरला चार लागतात. माहितीपत्रकात 'भारक्षमता ३५० किलो प्रति चौ.मी.' असं छापलेलं असतं आणि ते खोटं नाही. क्यूबचं बाहेरचं घनफळ १०० लिटर. कडा-कोपऱ्यांचे काप आणि त्याचं स्वतःचं वजन वजा केलं की एकेक क्यूब साधारण ८५ ते ९० किलो उचलतो. पण हा आकडा म्हणजे पाणी बरोबर पृष्ठभागापर्यंत आलेलं असतानाचा. त्यावर एक माणूस आणखी चढला की पाय ओले. म्हणून जेट्टीचा हिशोब एक तृतीयांशावर, म्हणजे चौरस मीटरला १२० किलोच्या आसपास थांबवावा. लक्षात ठेवायला सोपं माप असं: चौरस मीटरवर दहा किलो वाढले की जेट्टी सुमारे एक सेंटिमीटर खाली जाते. रिकामी असताना ती तीन सेंटिमीटर बुडालेली असते. १२० किलो टाकले की पंधरा, आणि वर पंचवीस सेंटिमीटर कोरडे उरतात.

एवढी राखीव जागा ठेवणं कोणाला उधळपट्टी वाटेल, त्यांनी सीप्लेनकडे बघावं. पाण्यावर उतरणाऱ्या विमानाच्या फ्लोटना अमेरिकी नियमानुसार विमानाच्या कमाल वजनापेक्षा ८० टक्के जास्त तरंगशक्ती असावी लागते, तीही गोड्या पाण्यात मोजून. खाऱ्या पाण्याचा अडीच टक्के फायदा धरायचा नाही. जुन्या नियमात प्रत्येक मुख्य फ्लोटला किमान चार जलबंद कप्पेही सक्तीचे होते आणि त्यांतले कोणतेही दोन भरले तरी विमान उलटू नये अशी अट होती. कप्प्यांच्या बाबतीत क्यूबची जेट्टी विमानाच्या पुढेच आहे. १२० क्यूब म्हणजे १२० कप्पे. दोन-तीन फुटले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय एचडीपीईची घनता ०.९५ च्या आसपास, म्हणजे पाण्याहून कमी, त्यामुळे पाण्याने भरलेला क्यूबसुद्धा तळाला जात नाही. भार उचलत नाही, नुसता लोंबकळतो. सिएटलच्या लेक वॉशिंग्टनवरचा काँक्रीटच्या पाँटूनांचा (मोठ्या पोकळ तराफ्यांचा) जुना तरंगता पूल २५ नोव्हेंबर १९९० रोजी दुरुस्ती चालू असताना बुडाला, तो पाँटूनांच्या पोटात पाणी साठल्यामुळे. मोठे कप्पे, उघडी झाकणं आणि वादळ. क्यूबमध्ये हा धोका तुकड्या-तुकड्यांत वाटला जातो.

खरा धोका बुडण्याचा नाही, कलण्याचा आहे, आणि विक्रेते त्यावर बोलत नाहीत. दोन मीटर रुंद आणि दहा मीटर लांब जेट्टी घ्या. त्यावर सत्तर किलोची तीस माणसं, म्हणजे २,१०० किलो. सगळीकडे पसरून उभी राहिली तर जेट्टी साडेतेरा सेंटिमीटर बुडेल, काही बिघडत नाही. पण बोट आली की तीसच्या तीस जण एका कडेला धावतात, हे प्रत्येक धक्क्यावर होतं. त्यांचा भार मधल्या रेषेपासून साठ सेंटिमीटर सरकला की ढोबळ हिशोबाने ती कड पाण्याखाली जाते. उभ्या माणसांचा गुरुत्वमध्य जेट्टीच्या बराच वर असतो, तो कल आणखी वाढवतो. आता तीच लांबी, तीच माणसं, पण रुंदी तीन मीटर: गर्दी तितकीच कडेला आली तरी बारा सेंटिमीटर कड कोरडी राहते. कलाला होणारा विरोध रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. दोनाचे तीन मीटर केले की तो तिपटीहून अधिक होतो. क्यूब मात्र ८० ऐवजी १२०, म्हणजे दीडपट. पैसे वाचवायचे असतील तर लांबीत वाचवा. दोन मीटरची जेट्टी फक्त कयाकसाठी, आणि एका वेळी पाच-सहा माणसांसाठी.

आता जोडणी. प्रत्येक क्यूबच्या चार कोपऱ्यांना चार कान असतात आणि चारही वेगवेगळ्या उंचीवर. चार क्यूब एकत्र आले की चौकात चार कान एकावर एक बसतात, त्यातून वरून लांब पिन जाते आणि चावीने पाव फेरा फिरवून अडकते. म्हणून सगळ्या क्यूबचं तोंड एकाच दिशेला हवं. एखादा नव्वद अंशांत फिरला तर दोन कान एकाच उंचीवर येऊन भिडतात, आणि मजूर ते हातोड्याने बसवायला जातात. तिथेच कानाच्या मुळाशी बारीक चीर पडते. ती दोन पावसाळ्यांनी उघडते. चांगल्या मालावर बाणाची खूण असते. नसेल तर मार्करने आधी काठावर सगळ्यांवर करून घ्यावी. रचताना ज्याचा त्या चौकातला कान सर्वात खाली तो क्यूब आधी, मग चढत्या क्रमाने. क्रम चुकला की पुढचा क्यूब वाकवून घुसवावा लागतो.

पिनांचा हिशोब स्वतः करा. तीन बाय दहा मीटर म्हणजे सहा बाय वीस क्यूब. आतले चौक ५ × १९ = ९५, तेवढ्या लांब पिना. कडेने जिथे दोनच क्यूब भेटतात त्या जागा दोन्ही आडव्या बाजूंना पाच-पाच, उभ्या बाजूंना एकोणीस-एकोणीस, मिळून ४८. तिथे नट असलेला कडेचा बोल्ट लागतो आणि जे दोन कान नाहीत त्यांच्या उंचीचे स्पेसर. हे स्पेसर हमखास कमी येतात. मग बोल्ट ढिला राहतो, लाटेबरोबर कानात खालीवर होतो आणि भोक लांबट करतो. वर्षभराने जेट्टीवर चालताना कडेला 'टक टक' आवाज येऊ लागला तर ते हेच. मागणी नोंदवताना लांब पिना १००, कडेचे बोल्ट ५२ आणि त्यांचे सगळे स्पेसर, शिवाय दोन चाव्या, असं आकड्यांत लिहून घ्यावं. एकच चावी आली तर ती पहिल्याच आठवड्यात पाण्यात पडते.

माल उतरवून घेताना पहिलं हत्यार वजनकाटा. कोणतेही दहा क्यूब उचलून तोला. साडेसहा किलोच्या खाली भरत असतील तर भिंत पातळ आहे. ब्लो मोल्डिंगमध्ये गरम नळी फुगून साच्याला चिकटते, त्यामुळे सर्वात जास्त ताणले जातात ते कोपरे, आणि भिंत पातळ होते तीही तिथेच. बोटाने दाबून बघा; कोपरा आत जात असेल तर परत पाठवा. मग साच्याचा जोड. वर-खाली जिथे नळी चिमटून बंद होते ती रेघ सलग हवी, खोबण दिसायला नको. तिथे साबणाचं पाणी लावून बुचातून हलकी हवा भरायची, ०.२ बारच्या वर नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने जोरात भरली तर क्यूब फुगून कायमचा बेढब होतो आणि दोष मालाचा की तपासणीचा यावर वाद. बुचाला रबरी वॉशर आहे का तेही बघा. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घट्ट केलेलं बुच पहिल्या उन्हाळ्यात ढिलं होतं. दिवसभर तापलेली आतली हवा संध्याकाळी आकसते आणि ढिल्या बुचातून वरचं पाणी आत ओढते. 'क्यूबला भोक नाही, तरी आत पाणी कसं' या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इतकंच असतं.

पुनर्वापराचं प्लॅस्टिक ओळखणं कठीण, पण चिमटलेल्या जोडाची पट्टी सुरीने कापून मागेपुढे वाकवली तर अंदाज येतो. नवं एचडीपीई पांढरं पडतं, पण वाकतं. भेसळ असली की कटकन तुटतं. रंगाबद्दल एकच: काजळी घातलेला काळा क्यूब उन्हात सर्वात जास्त टिकतो, पण अनवाणी पायांना भाजतो. निळा-केशरी घ्यायचा तर त्यात यूव्ही स्टॅबिलायझर (उन्हापासून प्लॅस्टिक वाचवणारं द्रव्य) किती टक्के, ते लेखी मागा.

वाहतुकीत लोक फसतात. १२० क्यूबचं वजन ८४० किलो, म्हणजे छोटा टेम्पो पुरेल असं वाटतं. पण तुम्ही हवा वाहून आणत असता. सतरा फुटी गाडीत लांबीला दहा, रुंदीला तीन, उंचीला पाच, असे दीडशे क्यूब बसतात आणि गाडी भरते. भाडं वजनावर नाही, गाडीवर धरायचं.

यानंतर नांगर. इथे सगळ्यात जास्त हलगर्जीपणा चालतो. जेट्टीच्या चार टोकांना चार साखळ्या, खाली काँक्रीटचे ठोकळे, झालं काम, असं सांगतात. एक टनाचा काँक्रीटचा ठोकळा पाण्यात गेला की त्याचं वजन सुमारे ५८० किलोच उरतं. तळाशी तो नुसता घर्षणाने टिकतो, म्हणजे आडव्या ओढीला तीनशे किलोच्या आत. आता वाऱ्याचा हिशोब: वळवाच्या पावसात ताशी ७० किमीचा वारा ही नवलाची गोष्ट नाही. त्या वेगाला चौरस मीटरला साधारण २५ किलोचा दाब येतो. जेट्टीला बांधलेल्या एका बोटीची वाऱ्यापुढची बाजू दहा चौरस मीटर असेल तर एकट्या बोटीची ओढ अडीचशे किलो. दोन बोटी बांधल्या की ठोकळा सरकायला लागतो, आणि उतारावर असेल तर थांबत नाही. वाऱ्याच्या बाजूला दोन टनांचे ठोकळे, किंवा तळ चिखलाचा असेल तर रुतणारा खरा नांगर लावा. साखळीची लांबी पूर्ण भरलेल्या पाण्याच्या खोलीच्या निदान तिप्पट, जमलं तर पाचपट. आखूड साखळी ठोकळ्याला आडवी ओढत नाही, वर उचलते.

साखळीचं वरचं टोक एकाच क्यूबच्या एकाच कानाला बांधलेलं दिसलं तर काम तिथेच थांबवा. कान भार शेजाऱ्याकडे सोपवण्यासाठी आहे, सगळी जेट्टी धरून ठेवण्यासाठी नाही. कडेच्या निदान चार क्यूबना जोडणारी पट्टी किंवा जीआय पाइप बसवून त्याला साखळी लावायची. शॅकलची (साखळी जोडायच्या यू आकाराच्या कडीची) पिन तारेने बांधून ठेवायची, नाहीतर हलून हलून ती उघडते. खाऱ्या पाण्यात जस्ताचा मुलामा दिलेल्या साखळीला स्टेनलेसची शॅकल लावू नये. दोन धातू मिळून साखळीच आधी खातात. स्टेनलेस घ्यायचंच तर ३१६ ग्रेडचं, कारण समुद्रात ३०४ ग्रेडवर ठिपक्या-ठिपक्यांनी गंज धरतो.

धरणात आणि खाडीत अडचणी वेगळ्या. मोठ्या धरणाचं पाणी दसऱ्याला काठोकाठ आणि मेअखेर वीस-पंचवीस मीटर खाली असू शकतं. तिथे जेट्टी एका जागी राहतच नाही. ती उतारावरून पाण्यामागे सरकवावी लागते आणि दर दोन-तीन आठवड्यांनी दोर बदलावे लागतात. हे काम करणारा माणूस नसेल तर एके सकाळी अर्धी जेट्टी दगडांवर आणि अर्धी पाण्यात लटकलेली सापडते, मधल्या ओळीचे कान तुटलेले. खाडीत रोज दोनदा चढउतार. मालवण-गोव्याकडे उधाणाला दोन-अडीच मीटर, मुंबई-अलिबागकडे साडेचार-पाच. तिथे साखळीपेक्षा खांब बरे: तळात ठोकलेला खांब आणि त्याभोवती रोलर असलेली कडी. खांबाचं डोकं मोठ्यात मोठ्या उधाणाच्या पाण्याच्या वर निदान दीड मीटर हवं. भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या दिवसांत पाणी मोजून खांब कापले, की पुढच्या उधाणाला कड्या वरून निसटल्याच म्हणून समजा.

काठावरून उतरणाऱ्या पुलाची लांबीही याच फरकावर ठरते. एकास चार हा चालता येईल असा तीव्र उतार धरला तरी अडीच मीटरच्या फरकाला दहा मीटरचा पूल लागतो, साडेचारला अठरा. चाकाची खुर्ची उतरवायची असेल तर एकास बारा, म्हणजे अडीच मीटरच्या फरकालाच तीस मीटर. क्यूबच्या जेट्टीवर ते परवडत नाही हे ग्राहकाला आधीच सांगितलेलं बरं. चारशे किलोच्या पुलाचं अर्धं वजन जेट्टीच्या टोकाला येतं. दोनशे किलो चार क्यूबवर टेकले तर तिथे वीस सेंटिमीटरचा खड्डा. शेजारचे क्यूब थोडा वाटा उचलतात, तरी पाणी साचतंच. पुलाखाली क्यूबचा दुहेरी थर द्यावा किंवा पट्ट्या टाकून भार दोन-तीन चौरस मीटरवर पसरवावा. पुलाचं खालचं टोक चाकांवर मोकळं सोडायचं, बोल्टने आवळायचं नाही. भरती-ओहोटीत ते दोन्हीकडे सरकतं.

लाटांबद्दल सुरुवातीला लिहिलंय ते कशावरून, तर दोन घटना पुरेशा आहेत. कर्नाटकात मलपेच्या किनाऱ्यावरचा असाच तरंगता पूल २०२२च्या मे महिन्यात, सुरू झाल्यावर काही दिवसांतच खवळलेल्या समुद्रात सुटा झाला. केरळात वर्कलाला ९ मार्च २०२४ रोजी मोठ्या लाटेने अशाच पुलाचा कठडा गेला आणि त्यावरची माणसं पाण्यात पडून जखमी झाली. अर्ध्या मीटरच्या क्यूबची साखळी लाटेच्या आकाराप्रमाणे वाकते. लवचीकता शांत पाण्यात गुण आहे. फुटणाऱ्या लाटेत तीच प्रत्येक पिन सेकंदा-सेकंदाला पिळते, आणि वर उभ्या माणसाच्या पायाखालची जमीन चाबकासारखी उसळते. कठड्याचा भारही पुन्हा कानांवरच येतो. नांगर कितीही मोठा टाकला तरी यावर इलाज नाही. आपल्याकडे किनाऱ्यावर असा पूल टाकायचा प्रस्ताव आला की या दोन ठिकाणांचे फोटो समोर ठेवावेत.

ड्रमची जेट्टी याहून स्वस्त पडते, आणि सगळीकडे वाईट नसते. दोनशे लिटरचा प्लॅस्टिक ड्रम एकशेनव्वद किलोच्या आसपास उचलतो. गोड्या पाण्यात, हंगामापुरती, लोखंडी अँगलच्या चौकटीत पक्के बसवलेले ड्रम चालतात. खाऱ्या पाण्यात चौकट पाण्याच्या रेषेशी गंजते, ड्रम गोल असल्याने सैल दोरीत फिरतात, आणि ड्रममध्ये आधी कोणतं रसायन होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पिण्याच्या पाण्याच्या धरणात ते टाकूच नयेत. उलट बाजूला, जिथे मोठी प्रवासी लाँच लागते तिथे क्यूब हलके पडतात. तिथे स्टील किंवा काँक्रीटचा पाँटूनच हवा. लाँचचा धक्का झेलायला वजन लागतं, ते क्यूबकडे नाही.

देखभाल थोडीच. खाडीत खालच्या बाजूला कालवं-शिंपले धरतात. एचडीपीईला ती घट्ट चिकटत नाहीत, लाकडी खरवडणीने निघतात. रंग किंवा अँटिफाउलिंग (शिंपले धरू न देणारा लेप) लावायचा खटाटोप व्यर्थ, तोही टिकत नाही. दर महिन्याला पिना चावीने फिरवून घट्ट आहेत का बघा, साखळीचे वरचे दोन मीटर बाहेर काढून कडी किती झिजली ते मोजा. मूळ जाडीचा पाचवा हिस्सा गेला की बदला.

परवानगीसाठी खाडीत महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड, धरणावर जलसंपदा विभाग. कागद हातात येण्याआधी क्यूब मागवू नयेत.

उघड्या खाडीत मेच्या शेवटच्या आठवड्यात जेट्टी सोडून ठेवणं शहाणपणाचं. पूल आधी काढायचा, मग बोटींच्या बाजूच्या साखळ्या, सगळ्यात शेवटी वाऱ्याच्या बाजूच्या. साखळ्यांची टोकं बोया बांधून पाण्यात सोडायची, नाहीतर दिवाळीत पाणबुड्या शोधावा लागतो. पूर्ण सुटी करायची गरज नसते. चार बाय तीनच्या बारा-बारा क्यूबच्या फळ्या करायच्या. एकेक ८४ किलोची, चार माणसं सहज उचलतात. सावलीत, बुच वर ठेवून, एकावर एक चारच्या वर नाही. निघालेल्या पिना गोणीत मोजून भरायच्या आणि गोणीवर आकडा लिहायचा. नोव्हेंबरमध्ये सहा पिना कमी भरल्या, तर त्या मे महिन्यात हरवल्या की आधीपासूनच जागेवर नव्हत्या, हे त्या आकड्यावरून कळतं.